आठव्या गाण्याचा पाहुणा

ता. ४ मार्च, सकाळी साडेदहा

ताईस,

लांबूनच वाकून नमस्कार. जवळ असतो तरी कंबरेनं याहून जास्त वाकू दिलं नसतं, तेव्हा लांबूनच बरा.

तुझा गुडघा कसा आहे? मागच्या कार्डात तू गुडघ्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. त्यावरून तो बरा झालाय की फारच बिघडलाय, हे मला आठ दिवस ठरवता आलं नाही. तुझी भावजय म्हणते, "लिहिलं नाही म्हणजे बरा आहे. सगळी माणसं तुमच्यासारखी नसतात, शिंक आली की पोस्टात धावणारी." तिचं बोलणं तुला माहीत आहे. मी मनावर घेत नाही. पण शिंक आली होती हे खरं, आणि दोनदा आली होती.

माझं अक्षर नीट लागत नसेल तर उजेडात धरून वाच. पाचवीत शाळा सुटली तेव्हा ते जसं होतं तसंच राहिलं, मी तेवढा म्हातारा झालो. तू आठवीपर्यंत गेलीस, तुला हसायचा अधिकार आहे.

बातमी अशी, की पंच्याहत्तराव्या वर्षी मला कामावर बोलावलं आहे. ज्या कंपनीनं आपली, म्हणजे माझी, पहिली रेकॉर्ड काढली होती, तिच्या मालकांचा नातू आता गादीवर आहे. चाळिशीचा आहे, दाढी कोरलेली, आणि बोलताना हात असे फेकतो की त्याच्याजवळ कप ठेवायची भीती वाटते. तो घरी आला आणि म्हणाला, "आजोबा, तुमची आठ जुनी गाणी पुन्हा करायची. पण अगदी साधी. विजेवर चालणारं एकही वाद्य नाही. एक गिटार, एक पियानो, एक तो माणसाएवढा उभा बास. आणि दर गाण्यात तुमच्याबरोबर एक पाहुणा गायक."

मी म्हटलं, "माझा आवाज राहिलाय कुठे?"

तो म्हणाला, "जो राहिलाय तोच हवाय."

हे कौतुक होतं की काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही. मी विचार करून सांगतो म्हणालो. तुझी भावजय आतून ओरडली, "विचार कसला करताय? घरात बसून गळक्या नळाशी सूर जुळवता, त्यापेक्षा बरं!" झालं, ठरलं.

स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण तिचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. एकदाच लागलं तर मध्ये अडकू, म्हणून मी जिन्यानं जातो. आत भिंतींना जाड सतरंज्या ठोकल्या आहेत. रेकॉर्डिंग करणारी एक पोरगी आहे, केस बारीक कापलेले, कानांवर सदा हेडफोन. तिचे कान मांजराचे. पहिल्या दिवशी म्हणाली, "आजोबा, तुमचे बूट वाजतायत." दुसऱ्या दिवशी कापडी बूट घालून गेलो. तर म्हणाली, "आता पोट वाजतंय." तेव्हापासून निघताना दोन केळी खातो. तिसरं खाल्लं तर जडपणा येतो.

पहिली पाहुणी निळ्या केसांची. तिला म्हणे लाखो लोक फोनवर ऐकतात. मला वाटलं, तोऱ्यात असेल. पण ती माझ्या शेजारी बसून म्हणाली, "आजोबा, माझ्या आईबाबांचं तुमच्या गाण्यावर जमलं होतं."

मी म्हटलं, "वा! बरं वाटलं."

"नंतर मोडलं."

"मग त्याला मी जबाबदार नाही," असं माझ्या तोंडून घाईनं निघून गेलं, आणि खोलीतले सगळे हसायला लागले. गाणं मात्र पहिल्याच फेरीत बसलं. दुसरा पाहुणा म्हणजे मोठ्या सभागृहांत गाणारा गृहस्थ आहे, देह केवढा, आणि आवाज असा की माझ्या छातीतलं हाड हललं. त्याला आम्ही सगळे घुमट म्हणतो. त्यालाही ते आवडतं. त्याला माइकपासून नऊ पावलं लांब उभा केला आणि मला माइकला चिकटवला, तेव्हा कुठे दोघं सारखे वाजलो.

अशी सात गाणी होतील. आठवं कोणतं ते तुला सांगायला नको. त्याला पाहुणा ठरायचा आहे. घाई नाही.

तुझा घसा कसा आहे? हवा बदलते आहे म्हणून विचारलं, बाकी काही नाही. उत्तर दोन ओळींचं लिहिलंस तरी चालेल, पण गुडघ्याचं वेगळं आणि घशाचं वेगळं लिही.

कामावर जाताना अजून दोन केळी मोजून खाणारा,
तुझा धाकटा


ता. १३ मार्च, दुपार

ताईस नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. "गुडघा बरा आहे. घसाही बरा आहे. घशाचं का विचारलंस?" एवढ्या तीन वाक्यांवर तिकीट लावून पाठवलंस, याचं मला कौतुक वाटलं. सहज विचारलं गं. भावानं बहिणीचा घसा विचारू नये का?

इकडचं काम पुढे सरकतंय. पियानो दोन वर्षं कुणी सुरात लावला नव्हता, तो लावायला एक माणूस आला. त्यानं पियानोच्या पोटातून एक चष्मा, दोन पेन्सिली आणि कुणाचा तरी दात काढला. दात कुणाचा, यावर अर्धा दिवस चर्चा झाली. मी माझे मोजून घेतले.

आता आठव्या गाण्याचं सांगतो. सांगणार नव्हतो, पण नाही सांगितलं तर तू पुन्हा तीन वाक्यांचं कार्ड पाठवशील.

"इतक्यात नको जाऊस, अजून चहा गरम आहे." हे गाणं आम्ही आधी निळ्या केसांच्या पोरीबरोबर करून पाहिलं. मग घुमटाबरोबर. मग आपल्या गिटारवाल्याबरोबरही, तो बरा गातो. तिघांच्याही वेळी एकाच ठिकाणी खड्डा. तुला माहीत आहे कुठे. मी "इतक्यात नको" म्हणतो आणि माझा श्वास संपतो. "जाऊस" म्हणायच्या आधी मला थांबावंच लागतं. तेव्हा बावीस वर्षांचा होतो तरी थांबावं लागत होतं, आता तर काय. आणि ही तिघं इतकी सभ्य, की म्हातारा थांबला की तीही थांबतात. घुमटाला मी म्हटलं, "अहो, तुम्ही ओढत राहा." तो म्हणाला, "तुमच्यापुढे जाणं बरं दिसत नाही." त्याच्या सभ्यतेपायी गाण्याचे दोन तुकडे झाले. चौदा वेळा केलं. चौदा वेळा तेच.

काचेमागे बसलेल्या नातूमालकाला तेवढ्यात युक्ती सुचली. हात फेकत बाहेर आला (एक कप गेलाच). म्हणाला, "आजोबा! आठव्या गाण्याचे पाहुणे तुम्हीच! जुन्या रेकॉर्डमध्ये दुसरा आवाज तुमचाच आहे ना? तुम्हीच सगळ्यांना सांगितलंय, आपण दोनदा गायलो म्हणून. आता मशीन एकात मिसळलेले आवाज दुधातून पाणी काढावं तसे वेगळे करतं. तुमचा तो बावीस वर्षांचा खालचा आवाज काढायचा, आणि त्याच्याबरोबर आजचे तुम्ही गायचं. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस आणि त्याची जवानी! पोस्टर डोळ्यांपुढे दिसतंय मला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, ताई. सगळे वाजवत असताना हात नुसते धरून कसे ठेवणार?

काल त्या पोरीनं तो आवाज वेगळा काढला. हेडफोन लावून एकटीच ऐकत बसली होती. मग मला आत बोलावलं, दार लावलं आणि म्हणाली, "आजोबा, ह्या बाई कोण?"

मी म्हटलं, "कोणत्या बाई?"

"ह्या. खाली गातायत त्या."

"तो मीच. तेव्हा माझा आवाज खाली फार चांगला जायचा."

तिनं तो आवाज पुन्हा लावला. म्हणाली, "त्या वेळच्या मशीनमध्ये आवाजाला एकच वाट होती. खोलीत माइक एक. जे आत गेलं ते एकत्रच गेलं, एकाच वेळी. तुम्ही श्वास घेता तेव्हा हा आवाज चालू आहे. एक माणूस एकाच वेळी श्वासही घेईल आणि गाईलही?"

मी म्हटलं, "जुन्या काळी खूप काही करायचे." आणि उठलो. गेली बावन्न वर्षं जे सगळ्यांना सांगत आलो तेच तिलाही सांगितलं. तिनं काही वाद घातला नाही. हेडफोन खाली ठेवले, एवढंच. ताई, वाद घातला असता तर बरं झालं असतं.

तुला आठवतच असेल, तेव्हा कंपनीनं तुझं नाव घातलं नाही. कंपन्या तशाच असतात. आपण काय करणार होतो?

पोस्टर पुढच्या आठवड्यात छापायला जाईल. परवा मला होकाराचा कागद भरून द्यायचा आहे. सही करायची इतकंच.

बाकी सगळं ठीक आहे. भूक बरी लागते. झोप लागत नाही, ती या वयात तशीही लागत नाही.

तुझा धाकटा


ता. १७ मार्च, सकाळी नऊ

ताई,

नमस्कार वगैरे नंतर करतो. आधी लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा पियानोच्या दातावर जाईन.

कंपनीनं विचारलं होतं.

रेकॉर्डिंग झालं त्या दिवशी तू जिन्यात उभी राहून माझ्या सदऱ्याचं निघालेलं बटण लावायला सुई शोधत होतीस. मी आत मोठ्या मालकांपुढे उभा होतो. ते म्हणाले, "बाईंचं नाव काय घालायचं?" मी म्हणालो, "नको. ती हौसेनं आली होती." त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, "नक्की." मग बाहेर येऊन तू बटण लावत असताना मी तुला सांगितलं, की कंपनी एकच नाव घालते, त्यांचा नियम आहे. तू म्हणालीस, "असेल." आणि दोरा दातानं तोडलास.

हे एक झालं. दुसरं याहून वाईट आहे. ते लिहिण्याआधी मी उठून पाणी पिऊन आलो.

चार महिन्यांनी मोठ्या मालकांनी मला बोलावून सांगितलं, "पुढच्या रेकॉर्डला त्या बाईंना आणा. दोन गाणी त्यांना एकटीला देऊ." मी म्हणालो, "तिला आता घरातून वेळ होत नाही. ती नाही म्हणाली." तुला मी विचारलंच नव्हतं. तुला काय सांगितलं, तर कंपनीला आता दुसरा आवाज नको आहे. तू तुमच्या नव्या लॉन्ड्रीत इस्त्री करत होतीस. तू म्हणालीस, "बरं झालं, मलाही कामं खूप आहेत." आणि इस्त्री फिरवत राहिलीस. मी सुटलो असं वाटून घरी आलो.

का केलं, ते सांगतो. मला गाणं तू शिकवलंस. सूर सुटला की तू मागून कानाशी गायचीस, मग तो सापडायचा. त्या दिवशी स्टुडिओतही तू मागे उभी राहिलीस म्हणूनच माझं तोंड उघडलं. आणि गाणं संपल्यावर मोठे मालक काचेतून बघत होते, ते माझ्याकडे नाही, तुझ्याकडे. मला वाटलं, उद्या हे फक्त हिलाच बोलावतील. मग मी काय करणार? पाचवी नापास, हाताला दुसरं काम नाही. मी भ्यालो, ताई. मी सगळ्यालाच भितो, वाऱ्याला, लिफ्टला, पत्राला उशीर झाला तर त्यालाही. पण ह्या एका भीतीपायी दुसऱ्या माणसाचं वाटोळं केलं.

आणि लोक विचारायला लागले, की हा दुसरा आवाज कुणाचा, तेव्हा म्हणून टाकलं, की माझाच. एकदा म्हटलं की म्हणतच राहावं लागतं.

परवा सही करायला गेलो. कागद पुढे आला. त्यावर छापलेलं होतं, "दोन्ही आवाज:" आणि पुढे माझं नाव. पेन हातात घेतलं. काचेमागे ती पोरगी माझ्याकडे बघतही नव्हती, वायरी गुंडाळत होती. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, "दुसरा आवाज माझ्या बहिणीचा आहे."

नातूमालकाचे हात पहिल्यांदाच जागच्या जागी राहिले. म्हणाला, "पण आजोबा, पोस्टर..."

ती पोरगी वायरी सोडून आत आली. म्हणाली, "मला फक्त एक सांगा. त्या अजून आहेत?"

मी म्हटलं, "आहे. गुडघा सोडला तर ठणठणीत आहे."

घरी येऊन तुझ्या भावजयीला सांगितलं. मला वाटलं, रडेल किंवा बोलायची बंद होईल. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "म्हणजे लग्नाआधी मी रेडिओला कान लावून ज्या खालच्या आवाजावर भाळले, तो ताईंचा?"

मी म्हटलं, "हो."

"आणि वरचा किनरा तेवढा तुमचा?"

"हो."

"म्हणजे मी चुकीच्या भावंडाशी संसार केला!" असं म्हणून ती खुर्चीत बसून इतकी हसली की शेजारीण बघायला आली. मग डोळे पुसून हळूच म्हणाली, "आधी त्यांना लिहा. मला सांगून काय उपयोग?" म्हणून हे लिहितोय.

आता विचारतो. नातूमालकानं १५ एप्रिलपर्यंत वाट बघायचं कबूल केलं आहे. ते गाणं तू गायला येशील का? नाही आलीस तर आम्ही ते गाणं गाळू. तुझा जुना आवाज मशीनमधून काढून मी माझ्या नावावर वापरणार नाही, तुझ्या नावावरही तुझ्या परवानगीशिवाय नाही. सातच गाण्यांची रेकॉर्ड निघेल. सात काही वाईट नाहीत.

तू राग कर. उत्तर पाठवू नयेसं वाटलं तर पाठवू नकोस. पण मग मला कसं कळणार, की पत्र मिळालं की हरवलं? नुसतं कोरं कार्ड तरी टाक.

माफी मागायचा शब्द तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. लिहिलेला फार छोटा दिसतो.

तुझा भाऊ


ता. ११ एप्रिल, सकाळचे सव्वाअकरा
स्टुडिओतली चहाची खोली

ताई,

तू भिंतीपलीकडे आहेस आणि मी तुला पत्र लिहितोय. हसशील. पण तूच मला बाहेर काढलंस. "तू दारात उभा राहून ओठ हलवतोस, मला गाता येत नाही. जा, चहा पी." चहा प्यायलो. दुसराही प्यायलो. आता हात रिकामे आहेत, आणि इथे एक वही आहे जिच्यात वाद्यं कधी आली आणि कधी गेली ते लिहितात, तिचं मागचं पान फाडून घेतलं आहे. लिहून झालं की तुझ्या पिशवीत टाकतो. तोंडावर मला बोलता येत नाही, हे तुला काल स्टेशनवर दिसलंच. मी काय बोललो? "पायऱ्या सांभाळ." सहा वर्षांनी बहीण भेटते, भाऊजी गेल्यावर पहिल्यांदाच, आणि भाऊ म्हणतो पायऱ्या सांभाळ.

तुझं पत्र यायला सोळा दिवस लागले. त्या सोळा दिवसांत मी पोस्टमनला इतक्या वेळा गाठलं, की तो रस्ता बदलून जायला लागला. तुझ्या भावजयीनं त्याला चहा पाजून परत वळवला.

ते पत्र मी जवळ ठेवलं आहे. पाठ झालं आहे. "भित्र्या, पत्र मिळालं. नावाचं मला फारसं काही वाटत नाही. मालकांनी तुझ्याकडेच बघावं म्हणूनच तर मी मागे उभी राहिले होते. पण माझ्या वतीनं 'नाही' म्हणायला तुला कुणी सांगितलं होतं? विचारलं असतंस तर कदाचित मी नाहीच म्हणाले असते. मूल लहान होतं, लॉन्ड्री नवी होती, ह्यांचं दुखणं होतं. पण ते 'नाही' माझं होतं. ते तू घेतलंस. आणि माझा आवाज तुझा म्हणून खपवलास, त्याचं तर हसूच आलं. तुझ्या आवाजाला खाली कधी वजन होतं रे?"

हे वाचून मी जो बसलो तो बसलोच. माझ्या डोक्यात बावन्न वर्षं तुझं नाव होतं, तुझी कीर्ती होती, रेकॉर्डवरचा फोटो होता. तुझ्या डोक्यात ते साधं "नाही" होतं, हे मला कधी सुचलंच नाही. मी चुकीच्या गोष्टीबद्दल झुरत होतो. झुरण्यातसुद्धा माझी पाचवी नापासच.

पत्राच्या शेवटी तू तुझ्या अटी लिहिल्यास. नातूमालकाला त्या मी वाचून दाखवल्या. "येते. पण पाहुणी म्हणून येणार नाही. ते गाणं मी तेव्हाही गायले आहे. मुख्य आवाज माझा. खालचा आवाज धाकट्यानं गायचा. इतकी वर्षं तो मीच गायलो म्हणून सांगतो, तर आता गाऊन दाखव म्हणावं. आणि नाव छापाल तसं छापा, गायिका मी, पाहुणा तो."

नातूमालकाला आधी कळलंच नाही. मग त्यानं असे हात फेकले की दिवा पडला. "आजोबा, हे तर पोस्टरपेक्षा भारी आहे!" ती पोरगी काचेमागे डोकं खाली घालून हसत होती.

ताई, तुला एक गोष्ट कुणी सांगितलेली नाही. मला तो खालचा आवाज येत नव्हता. अजिबात नाही. बावन्न वर्षं जो मी गायलो म्हणून सांगत फिरलो, तो मला एका ओळीपलीकडे माहीतच नव्हता, कारण तू गायचीस तेव्हा मी माझ्याच घाबरण्यात असायचो. त्या पोरीनं मला सहा दिवस रोज एक तास बसवून तो शिकवला. तुझा जुना आवाज लावायचा, थांबवायचा, मी म्हणायचं. ती म्हणायची, "नाही, आजोबा, त्या इथे वर जात नाहीत. त्या तुमची वाट बघतात. ऐका." पुन्हा लावायची. सहा दिवस मी तुला ऐकलं. आधी कधी ऐकलं नव्हतं. तू प्रत्येक ओळीत कुठे ना कुठे माझ्यासाठी थांबली आहेस, माझं बोट धरून रस्ता ओलांडल्यासारखी. मला वाटायचं, मी गातोय.

इथे भिंतीवर एक छोटा स्पीकर आहे, आत काय चाललंय ते चहाच्या खोलीत कळावं म्हणून. तू आत गेल्यापासून मी ऐकतोय. तू गिटारवाल्याला झापलंस, "अरे, हळू. चहा गरम आहे म्हटलंय, भांड्याला आग लागलेली नाही." मग त्याच्या सदऱ्याची चुरगळलेली कॉलर बघून म्हणालीस, "ही कुणी इस्त्री केली?" तो म्हणाला, "मीच." तू म्हणालीस, "दिसतंय." मग घसा साफ केलास आणि म्हणालीस, "आधी मला एकदा एकटीला गाऊ दे. हे गाणं मी एकटी कधी गायलेच नाही."

आणि गायलीस.

आवाज जुना झालाय. वर जाताना मध्ये एक दोरा सुटल्यासारखा होतो. पण "इतक्यात नको जाऊस" तू एका दमात म्हणालीस. मध्ये थांबली नाहीस. लोक त्या ठिकाणच्या माझ्या थांबण्याचं इतकं कौतुक करतात, एकानं तर त्यावर लेख लिहिला होता, आणि खरं गाणं असं सरळ, गुळगुळीत होतं. मधला खड्डा गाण्याचा नव्हताच, माझा होता. एकोणऐंशी वर्षांची बाई एका दमात म्हणते, आणि मला बाविसाव्या वर्षी जमलं नाही!

 मग तुझी भावजय काचेमागून म्हणाली, "ताई, मला तर आता परत लग्न करावंसं वाटतंय." आणि तू हसलीस. तू हसताना अजून नाकातून आवाज काढतेस. मला वाटलं होतं, ते मी विसरलो असेन.

तू राग सोडला आहेस का, ते मला माहीत नाही. सकाळी लिफ्टचं दार लागलंच नाही, तेव्हा जिन्यात तू माझ्या खांद्यावर भार टाकलास, ते गुडघ्यासाठी की कशासाठी, ते मी ठरवत बसणार नाही. तीन मजले टाकलास, तेवढं पुरे आहे.

तू आता हाक मारलीस. स्पीकरवर, सगळ्यांसमोर: "पाहुणे कुठे आहेत? का गेले घाबरून?"

येतो.  केळी खाल्ली आहेत. एक सांगायचं आहे, ते आत आल्यावर मला बोलता येणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो, तू रात्री पिशवी उघडून वाचशील तेव्हा गाणं होऊन गेलेलं असेल. तुझ्या मागे उभा राहून गाताना माझा सूर सुटेल. सुटणारच. तेव्हा तू वळून बघू नकोस आणि माझ्यासाठी थांबूही नकोस. तू पुढे जा. माझा मी येतो.

तुझ्या मागे उभा,
तुझा भाऊ